पोचा काढला तरी पत्रा पुन्हा 'टप' वाजतो, पुट्टी पुन्हा फुगते : पद्मिनीच्या बॉडीत नेमकं काय चुकतं

तक्रार साधारण तीन तऱ्हांनी येते. दुरुस्त केलेल्या जागी अंगठा दाबला की पत्रा डब्याच्या झाकणासारखा 'टप' करून आत जातो आणि सोडला की 'टप' करून बाहेर येतो. किंवा रंगाला दोन-तीन महिने झाले की पोच्याची जागा पुन्हा ओळखू येते. खड्डा नसतो, पण एक पुसट कड दिसते. किंवा पहिला पावसाळा सरला की बरोबर त्याच जागी फोड येतात. तिन्हींना 'डेंट परत आला' असंच म्हणतात आणि तिन्हींवर इलाजही एकच होतो : खरवडा, पुट्टी भरा, रंग मारा. पुढच्या वर्षी गाडी पुन्हा दारात. वास्तविक हे तीन वेगळे आजार आहेत आणि पहिल्यात तर चुकीचा इलाज मूळ दुखणं वाढवतो.

इथे उदाहरण पद्मिनीचं घेतलं आहे, कारण काम तिच्यावरच सगळ्यात जास्त निघतं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघालेली ही गाडी. नवे पॅनल मिळत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून बंद झाली. अशा मोडीत गेलेल्या टॅक्सींचे दार-बोनेट बाजारात फिरत असतात, पण ते आधीच चार वेळा ठोकलेले असतात. तेव्हा बदलण्यापेक्षा आहे तो पत्रा वाचवणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. पद्धत मात्र ॲम्बॅसेडर असो की जुनी जीप, साध्या लोखंडी पत्र्याला सगळीकडे सारखीच लागू आहे.

आधी रंगाखाली काय आहे ते बघा

फ्रिजवरचं साधं लोहचुंबक कापडात गुंडाळून पॅनलवर फिरवा. जिथे पकड एकदम ढिली पडते तिथे खाली पुट्टीचा थर आहे. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम : शे-दीडशे मायक्रॉन म्हणजे एकदाच रंगलेली गाडी, तीनशेच्या वर म्हणजे रंग पुन्हा झालेला, हजारच्या पुढे आकडा गेला की तो रंग नाही, पुट्टी.

मग जुना रंग आणि पुट्टी पूर्ण उतरवा. पोच्यापुरतं नाही, त्याच्या चहूबाजूंनी किमान १५ सेंटीमीटर जास्त, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. इथे हात आखडता घेतला की पुढचं सगळं निदान चुकतं, कारण दुखणं बहुतेकदा पोच्यात नसून त्याच्या कडेला असतं. मास्क लावा, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्या धुळीची चेष्टा नको.

उघड्या पत्र्यावर रॉकेलचा ओला बोळा फिरवा आणि बाजूला ट्यूबलाइट धरून तिचं प्रतिबिंब पाहा. चांगल्या पत्र्यावर नळीची रेघ सलग वळते. जिथे ती नागमोडी होते किंवा मध्येच जाड होते तिथे खडूने खूण करा. पाहून झालं की रॉकेल पुसून पूर्ण वाळू द्या; तोवर ग्राइंडर किंवा ज्योत जवळ आणू नका. त्यानंतर हातात पातळ सुती मोजा घालून सपाट तळवा लांबवर फिरवा. बोटांची टोकं फसवतात, तळवा नाही. उंचवट्याला फुली, खोलगटाला गोल, अशा खुणा केल्यावर पॅनलचा नकाशाच तयार होतो.

'टप' वाजणारा पत्रा : वाढलाय की आकसलाय?

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. 'टप' वाजतो म्हणजे पत्रा ताणून वाढलाय आणि म्हणजे तो गरम करून आवळायचा, अशी ठाम समजूत आहे. निम्म्या वेळा ती बरोबर असते. उरलेल्या वेळी वाजणारा भाग धडधाकट असतो. त्याच्या शेजारचा पत्रा आकसलेला असतो आणि तो याला आपल्याकडे ओढत असतो. आवाज दोन्हीकडे तोच. इलाज बरोबर उलटे.

पत्रा वाढतो कसा? पोचा दिसला की आतून मधोमध गोल तोंडाच्या हातोडीने ठोकायचं, ही सवय. प्रत्येक ठोक्याला तिथला पत्रा थोडा पातळ होतो आणि पसरतो. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यावर मठारकाम, म्हणजे हातोडीचे दाट ठोके देण्याचं काम, होतं तेव्हा धातू पसरतो आणि कडकही होतो. तांब्याच्या घंगाळाला ते हवंच असतं, बोनेटला नको असतं. वाढ किती कमी लागते याचा हिशेब करून बघा : ३० सेंटीमीटर लांबीची पट्टी ०.२ मिलिमीटरने वाढवली आणि दोन्ही टोकं जाम धरली, तर मधोमध जवळपास पाच मिलिमीटर उंच कमान उठते. ती कमान आत तरी राहते नाहीतर बाहेर तरी. मधल्या स्थितीत तिला जागाच नाही. तोच तुमचा 'टप'.

पत्रा आकसतो कसा? वेल्डिंगने. जोड तापतो, चहूकडचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी जाड होतो आणि निवताना आखडतो. दाराच्या खालच्या भागात ठिगळ लावलं की त्याच्या वर हातभर अंतरावर दाराचा पत्रा वाजायला लागतो, ते यामुळेच. न सोडवलेली घडीही असंच काम करते. पोचा पडताना कडेला एक उंचवट्याची कमान उठते. ती तशीच ठेवून मधला खड्डा बाहेर काढला तर पत्र्याचा ताण त्या कमानीत अडकून राहतो.

ओळखायची रीत सोपी आहे. एका हाताने वाजणारी जागा दाबत राहा. दुसऱ्या हाताचा तळवा तिच्याभोवती, साधारण वीतभर अंतरावर, घड्याळाच्या काट्यासारखा दाबत फिरवा. एखाद्या ठिकाणी दाब दिला की 'टप' अचानक थांबतो. तिथे खूण करा आणि नीट पाहा. तिथे वेल्डिंगचा जोड, जुनी घडी किंवा फुलीची खूण निघाली तर दुखणं तिथे आहे. वाजणाऱ्या भागाला हात लावू नका. फेरी पूर्ण झाली, आवाज कुठेच थांबला नाही आणि वाजणाऱ्या भागावरच हातोडीचे दाट ठसे दिसताहेत, तर पत्रा खरोखर वाढलाय.

*आकसलेल्या जोडाचा इलाज.* वेल्डिंगचा उंच गोठ ग्राइंडरने पत्र्याच्या पातळीला आणा, शेजारचा पत्रा न खाता. मागून जोडाखाली डॉली (पत्र्यामागे धरायचा गुळगुळीत लोखंडी ठोकळा) घट्ट टेकवा आणि वरून सपाट तोंडाच्या हातोडीने बरोबर डॉलीवर मारत जोडाच्या रेषेवरून पुढे सरका. ठोका बसला की लोखंडावर लोखंडाचा खणखणीत आवाज यायला हवा. एक फेरी, मग 'टप' तपासा. पुन्हा फेरी, पुन्हा तपासा. जोड पसरत जातो तसा आवाज मऊ होत जातो आणि एका फेरीला बंदच होतो. मिगच्या, म्हणजे तार आपोआप पुढे सरकणाऱ्या विजेच्या वेल्डिंगच्या, तारेचा जोड कडक असतो, त्याला जास्त ठोके लागतात. गॅसने (ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या ज्योतीने) बिना तारेचा किंवा पातळ तारेचा केलेला जोड लोण्यासारखा पसरतो. जुने कसबी डेंटर अजूनही गॅसच पसंत करतात त्यामागे हेच कारण आहे, जुनाटपणा नाही.

*अडकलेल्या घडीचा इलाज.* सगळ्यात शेवटी पडलेली घडी सगळ्यात आधी सोडवायची. गाडी घासली तेव्हा धक्का जिथून सुरू झाला तिथून नव्हे, जिथे संपला तिथून उलट्या दिशेने या. डॉली खोलगट भागाखाली दाबून धरा आणि हातोडी शेजारच्या उंच कमानीवर, म्हणजे डॉलीच्या बाहेर, हलक्या हाताने मारा. उंच भाग खाली जातो आणि त्याच ठोक्याने डॉली खोलगट भाग वर उचलते. इथे आवाज मंद, 'थप' असा येतो. खणखणीत आला तर तुम्ही डॉलीवर मारताय, म्हणजे पत्रा वाढवताय. मोठ्या पोच्याचं तीन चतुर्थांश काम या मंद आवाजातच व्हायला हवं.

*खरोखर वाढलेल्या पत्र्याचा इलाज.* आता गॅस. बॅटरीच्या तारा सोडा. मागच्या पॅनलवर काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवून गाडीपासून लांब ठेवा. आतलं अस्तर आणि डांबरी पॅड काढा. पॅड पेट घेतो आणि धूर बराच वेळ कळतही नाही. बादलीभर पाणी आणि ओला फडका हाताशी. काम सावलीत करा, उन्हात पत्र्याची लाली दिसत नाही आणि बघता बघता भोक पडतं.

सगळ्यात लहान नोझल, ज्योत ना धुराळ ना फुसफुसती. पांढऱ्या शंकूचं टोक पत्र्यापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि फुगवट्याच्या सर्वात उंच बिंदूवर वाटाण्याएवढाच ठिपका लाल करा, ८ ते १० मिलिमीटर. सुपारीएवढा झाला तर हात मागे घ्या, मोठा ठिपका आवरत नाही. लाल होताना तो टिचभर वर उठतो. लगेच मागून डॉली हलकेच टेकवा, ठिपक्याच्या भोवती चार-पाच हलके ठोके आणि शेवटचा मधोमध. लाली गेली, काळा पडला, की ओला फडका दाबा. डॉली घट्ट धरून जोरात मारलं तर जेवढं आवळलं तेवढंच पुन्हा पसरेल. बहुतेकांचा उलटा अनुभव, 'गरम केल्यावर जास्तच फुगला', तो इथला.

पुढचा ठिपका किमान ४-५ सेंटीमीटर लांब, आणि तोही पत्रा हाताला पूर्ण थंड लागल्यावरच. गरम पत्रा खोटं बोलतो. तळहाताएवढ्या फुगवट्याला तीन-चार ठिपके पुष्कळ झाले. आवाज पूर्ण बंद होण्याच्या किंचित आधी थांबा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा दाबून पाहा. जास्त आवळलं गेलं तर पत्रा सपाट होऊन शेजारून लाटा येतात. मग त्याच ठिपक्यांवर डॉलीवर दोन-तीन हलके ठोके देऊन थोडं परत सोडा.

डेंट ओढायच्या स्पॉट मशीनला कार्बनची कांडी लावून हेच काम कमी उष्णतेत होतं. दारासाठी ते बरं, कारण आत हात नीट पोचत नाही. आवळायची स्टीलची गुळगुळीत थाळी ग्राइंडरला लावून फिरवली की फक्त उंच बिंदू तापतात, तीही चांगली पद्धत. मात्र थाळी त्याच कामासाठी बनवलेली आणि तिच्यावर लिहिलेल्या फेऱ्यांच्या मर्यादेत चालणारी हवी. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. स्वयंपाकघरातली ताटली कापून त्याला लावण्याचे उद्योग दिसतात. ती फुटून उडाली तर पत्रा नाही, पोट फाटतं.

ठिपका काळा न पडता पिवळा-पांढरा होऊन लगेच खचत असेल, किंवा पत्रा दाबल्यावर कागदासारखा लवत असेल, तर तिथे आवळायला लोखंडच उरलेलं नाही. तेवढा तुकडा कापा आणि २० गेजचा, म्हणजे ०.९ मिलिमीटरचा, सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा बसवा. जस्ताचा पत्रा नको. वेल्डिंगला जस्ताचा धूर होतो आणि जोड भुसभुशीत येतो.

छपराचं वेगळं आहे

छपराला गॅस लावायच्या आधी आतलं अस्तर उतरवून आडव्या पट्ट्या बघा. छपराचा पत्रा त्या पट्ट्यांवर टेकलेला असतो आणि मध्ये नरम भराव असतो. चाळीस-पन्नास वर्षांत तो वाळून गळून पडतो, मग सपाट पत्रा रस्त्यावर ढोलासारखा घुमतो आणि हाताने दाबला की वाजतो. यात वाढलेलं-आकसलेलं काही नाही. पट्टी आणि पत्रा यांत दोन-चार मिलिमीटर फट असेल तिथे दर १० सेंटीमीटरला पॉलियुरेथेन सीलंटचा एक-एक गोळा घाला. पत्र्याला वर ढकलू नका, नुसता टेकला पाहिजे. कडक होणारा चिकट पदार्थ, विशेषतः एरल्डाइटसारखा, वापरू नका. उन्हात त्याची रेघ रंगातून वर उमटते.

कॅरिअर लावलेल्या गाड्यांत छपराचा दाब कडेच्या पन्हाळीवर येतो. पन्हाळ दबली असेल तर आधी ती सरळ करा. कडा वाकडी ठेवून मधलं छप्पर गप्प बसवायचा प्रयत्न म्हणजे खाटेची दावण ढिली ठेवून गादी सरळ करणं.

कड पुन्हा दिसते

हे पत्र्याचं नाही, मालाचं काम. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी थिनर उडून वाळते आणि ते उडणं जाड थरात कित्येक आठवडे चालतं. तेवढी ती बसते. एनसी पुट्टी फक्त सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांना. पोच्याला पॉलिएस्टर पुट्टी, आणि तीही पत्रा ठोकून दोन मिलिमीटरच्या आत आल्यावर. हार्डनर वजनाने दोन टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. नजरेच्या अंदाजाने टाकू नका, सोनाराकडचा नाही पण स्वयंपाकघरातला काटा तरी घ्या. जास्त पडला तर वरच्या रंगातून पिवळट डाग येतो, कमी पडला तर पुट्टी आतून चिवट राहते. मे महिन्यात मिसळलेला माल चार मिनिटांत दगड होतो, म्हणून सकाळी लवकर काम करा. दुपारी हार्डनर कमी टाकून वेळ वाढवायची युक्ती करू नका.

साध्या रेड ऑक्साइड प्रायमरवर पॉलिएस्टर पुट्टी भरायची पद्धत सर्रास आहे आणि चुकीची आहे. पुट्टीतल्या स्टायरीनने खालचा थर मऊ होतो आणि कडेने सुटतो. ॲसिडवाल्या प्रायमरवरही नको, तिथे पुट्टी नीट पिकत नाही.

पावसाळ्यानंतरचे फोड

एक फोड ब्लेडने कापा. आत तपकिरी पाणी आणि खाली गंज निघाला, तर पाणी बाहेरून नव्हे, मागून आलंय. पुट्टी पूर्ण उतरवा. दर दोन-तीन सेंटीमीटरला एक अशी भोकांची रांग दिसेल. पत्र्याला भोकं पाडायची, स्क्रू बसवायचा, ओढायचं आणि वरून पुट्टी थापायची, हा जुना शॉर्टकट. दारात काचेवरून उतरणारं पाणी रोजच असतं. त्या भोकांतून ते पुट्टीत शिरतं आणि पुट्टी स्पंजासारखी ते धरून ठेवते. टॅक्सीतून निघालेल्या दारात हे हमखास सापडतं.

भोकं वेल्डिंगने बुजवा. मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरा, मिगची तार ०.६ किंवा ०.८ मिलिमीटर, एका भोकाला सेकंदभराचा एकच ठिपका. शेजारचं भोक लगेच नको. रांगेतलं पहिलं, मग सातवं, मग चौथं, असं उड्या मारत जा. सलग भरत गेलात तर रांग आकसून दार वाजायला लागेल आणि तुम्ही वर सांगितलेल्या आकसलेल्या पत्र्याच्या दुखण्यात शिराल. ठिपके ग्राइंड करून प्रत्येकावर डॉलीवर एक-दोन ठोके द्याच. आतून पाणी येत राहणार, म्हणून वेल्डिंग संपल्यावर आतल्या बाजूलाही इपॉक्सी प्रायमर मारा. सगळं रंगकाम झाल्यावर पोकळीत मेणाचा फवारा. आधी मारलात तर मेण कडेने झिरपून रंगाला डोळे (बारीक गोल खड्डे) पाडतं.

बाहेरून क्रम असा : ८० नंबरच्या पेपरने खरवडलेला उघडा पत्रा, त्यावर त्याच दिवशी इपॉक्सीचे दोन हात, डब्यावर लिहिलेल्या मुदतीत पुट्टी, ८०-१२०-१८० ने घासणं, मग सरफेसर (रंगाआधीचा, पृष्ठभाग गुळगुळीत करणारा थर). पुट्टी कोरडीच घासायची. पाण्याचा पेपर सरफेसर बसल्यावर, ६०० पासून पुढे. ओल्या पुट्टीवर घातलेला सरफेसर म्हणजे फोडांना दिलेलं आमंत्रण. भर जुलैत पत्रा रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी त्यावर केशरी झाक असते. कोकणात तर दुपारपर्यंतच येते. तेवढी झाकसुद्धा पुन्हा घासूनच पुढे जा.

सरफेसर लावल्यावर, रंग मारायच्या आधी, गाडी एक दिवस उन्हात काढा. थंड शेडमध्ये गप्प असलेला पत्रा दुपारी बोलू शकतो : लोखंडाची एक मीटर पट्टी तापमान ४० अंशांनी वाढलं की जवळपास अर्धा मिलिमीटर लांब होते, आणि बोनेटचा बाहेरचा पत्रा आतल्या सांगाड्यापेक्षा आधी तापतो. सकाळी, दुपारी दोनला आणि संध्याकाळी त्याच जागी अंगठा दाबून पाहा. दोन वाजता हलका 'टप' आला तरी रंगाचा डबा उघडू नका. डिसेंबरात केलेलं काम मेमध्ये वाजतं ते याच राहून गेलेल्या ताणामुळे. आणि गाडी काळी करायची असेल तर ही तपासणी दोन दिवस करा, कारण काळ्या रंगावर अर्ध्या मिलिमीटरची लाटही पलीकडच्या फुटपाथवरून दिसते.

दार परत बसवताना खालच्या निचऱ्याची भोकं काडीने मोकळी करा. नव्या सीलंटने तीच बुजलेली असतात.